डिजिटल दूरदर्शनचे चित्र अडखळते तेव्हा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या अ‍ॅनालॉग काळात बिघाड डोळ्यांना दिसत असे. सिग्नल कमी पडला की पडद्यावर मुंग्या येत आणि समोरच्या इमारतीवरून लहरी परतल्या की चित्राला दुहेरी सावली पडे. मग एक जण गच्चीत अँटेना फिरवी आणि खालून दुसरा "आलं, आलं... गेलं!" असे ओरडत असे. डिजिटल प्रक्षेपणात ही मधली अवस्था जवळजवळ उरलेली नाही. सिग्नल घसरत असतानाही चित्र स्वच्छच राहते आणि एका मर्यादेखाली गेले की चौकटी पडून थिजते. त्यामुळे चित्र पाहून दोष शोधता येत नाही. त्यासाठी सेट-टॉप बॉक्सच्या मेनूतील सिग्नलच्या पट्ट्या वाचाव्या लागतात.

त्याआधी आपल्या घरी सिग्नल कोणत्या वाटेने येतो, केबलने, छत्रीने की गच्चीवरच्या अँटेनाने, ते निश्चित करावे. मुंबईत केबल डिजिटल करण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, त्यामुळे केबलच्या घरात डबा (सेट-टॉप बॉक्स) असतोच. तेथे काही वाहिन्याच अडखळत असतील, तर डब्याच्या मागचा कनेक्टर आणि घरात वायर फोडण्यासाठी लावलेला स्प्लिटर तपासावा. स्प्लिटर काढून वायर थेट डब्याला जोडल्यावर चित्र सुधारले, तर दोष घरातच आहे. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकाला कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून त्या मुळातच दिसत नसतील तर त्याच्याकडे लेखी मागणी करावी.

खरी कसोटी लागते ती फ्री डिशच्या, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेच्या, छत्रीची. तिचा सिग्नल ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतो, तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुंबईतून पाहिल्यास तो आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. या दोन आकड्यांवरून जागेचा निर्णय आधीच करता येतो. उत्तरेला किंवा पश्चिमेला तोंड असलेल्या गॅलरीत छत्री लावण्यात अर्थ नाही. योग्य दिशेच्या गॅलरीतही वरच्या मजल्याचा स्लॅब आड येतो, म्हणून छत्री कठड्याबाहेर काढावी लागते. आग्नेयेकडील इमारत मात्र वाटते तेवढी घातक नसते, कारण छत्रीपासून तिचे जितके अंतर आहे त्याच्या दीडपटीहून ती छत्रीच्या पातळीपासून अधिक उंच असेल, तरच अडथळा होतो. दिशा मोबाइलच्या होकायंत्राने पाहावी, पण लोखंडी ग्रिलपासून दूर उभे राहून.

घरगुती छत्रीत एलएनबी (छत्रीने गोळा केलेला सिग्नल पकडणारा भाग) मध्यावर नसून खालच्या बाजूला पुढे आलेला असतो, त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच वर "बघत" असते. तिचे तोंड आकाशाकडे नाही असे वाटून ती आणखी मागे झुकवणे ही नेहमीची चूक आहे. पट्ट्या वाचताना स्ट्रेंथवर (सिग्नलच्या जोरावर) विसंबू नये, कारण एलएनबीला वीज मिळाली की छत्री भलतीकडे असतानाही ती पट्टी वर दिसू शकते. क्वालिटी (सिग्नलचा दर्जा) वाढेपर्यंत छत्री बोटभर सरकवावी, थांबावे आणि पुन्हा सरकवावे, कारण डब्याला आकडा दाखवायला क्षणभर लागतो. चित्र आले म्हणून तेथेच नट आवळण्याचा मोह टाळावा. क्वालिटी सर्वांत जास्त असेल ती जागा धरली नाही, तर पहिल्याच मुसळधार सरीत पडदा काळा होतो; छत्रीकडे येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसात क्षीण होतात.

समुद्राच्या खाऱ्या हवेत कनेक्टर लवकर गंजतात, म्हणून पावसाळ्यापूर्वी ते उघडून पाहावेत, तांब्याची तार काळवंडली असेल तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावावा आणि जोड टेपने बंद करावा. क्वालिटी उत्तम असून केवळ काही वाहिन्या नाहीशा झाल्या असतील, तर छत्रीला हात न लावता पुन्हा स्कॅन करावे. फ्री डिशवरील जागांच्या लिलावानुसार वाहिन्या बदलतात आणि एमपेग-४ या नव्या चित्र-संकोचन पद्धतीतील वाहिन्या जुन्या एमपेग-२ डब्यावर दिसतच नाहीत.

गच्चीवरच्या अँटेनाबाबत थोडक्यात सांगायचे, तर दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ पासून मुंबईसह १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीची, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून अँटेनाकडे येणाऱ्या डिजिटल सिग्नलची, सेवा सुरू केली. हा सिग्नल जुन्या टीव्हीचा ट्यूनर वाचू शकत नाही. टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. केवळ डीव्हीबी-सी लिहिले असेल तर तो ट्यूनर केबलसाठी आहे. जुन्या अँटेनाच्या लांब कांड्या व्हीएचएफच्या लांब लहरींसाठी होत्या, तर येथे आखूड लहरींसाठीचा, आखूड कांड्यांचा यूएचएफ अँटेना लागतो.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, निरभ्र आकाश असतानाही छत्रीवरचे चित्र रोज काही मिनिटे जाऊ शकते. त्या वेळी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो. अशा वेळी गच्चीवर धावू नये आणि नट तर मुळीच सैल करू नयेत. सूर्य सरकला की चित्र आपोआप परत येते.