अडकलेला लायनर आणि स्वतः बनवलेला पुलर

कळंबोलीत माझ्या गॅरेजमध्ये उघडलेल्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे पाच लायनर (पिस्टन ज्यांच्या आत वरखाली होतो त्या सुट्या नळ्या) सहज निघाले. सहावा मात्र वॉटर जॅकेटमधील (लायनरभोवती पाणी खेळते त्या पोकळीतील) गंजामुळे आणि खालच्या कडक झालेल्या ओ-रिंगांमुळे (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांमुळे) जागचा हलेना. खालून लाकूड लावून घण मारण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण घाव तिरका बसला तर ब्लॉकमधील बैठकच दुखावते. म्हणून लायनर वर ओढून काढणारा पुलर स्वतःच बनवायचे ठरवले.

क्रँक (इंजिनाच्या तळाचा मुख्य फिरता दांडा) आधीच उतरवलेला असल्यामुळे खालून चकती लावणे शक्य होते. 20 मिमी जाडीच्या प्लेटमधून टर्नरकडून पायरीदार चकती करून घेतली: वरची पायरी लायनरच्या आत बसेल अशी आणि खालची कड लायनरच्या बाहेरील व्यासापेक्षा 2 मिमी कमी, म्हणजे ती लायनरला धरेल, पण ब्लॉकला घासणार नाही. चॅनेलच्या तुकड्याला दोन पाय वेल्ड करून वरचा आधार तयार केला आणि ब्लॉकच्या माथ्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून पायांखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवल्या.

चूक झाली ती खालची चकती वरच्या आधाराला जोडून ओढणाऱ्या रॉडमध्ये. दुकानातला साधा आटेवाला रॉड घेतला (पैसे वाचवायला गेलो होतो) आणि ताण येताच नटाने त्याचे आटे खाल्ले. मग जास्त ताण सोसणारा 8.8 ग्रेडचा एम-20 (20 मिमी व्यासाचा) रॉड आणला, आट्यांना ग्रीस लावले आणि नट ताणाखालीही सहज फिरावा म्हणून त्याखाली किंगपिनचे (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंट्याचे) जुने थ्रस्ट बेअरिंग बसवले. चौथ्या फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज झाला आणि लायनर सरळ वर आला. त्याची खालची ओ-रिंग नखाने दाबताच तुटली.