बोगनवेलीच्या बोन्सायला फुलंच येत नाहीत? या चुका टाळा

झाड हिरवंगार आहे, कोंब हातभर वाढताहेत, पण फूल एकही नाही. बोगनवेलीचं बोन्साय करणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच असतं: झाडाचे फार लाड होतात. रोज पाणी, नत्राचं खत, वर सावलीतली जागा. एवढ्या सुखात बोगनवेल नुसती पानं वाढवते. तिला रोज किमान ५-६ तास थेट ऊन हवं आणि फुलांआधी पाण्याचा ताण हवा.

ताण देणं म्हणजे झाड वाळवणं नव्हे. जमिनीतली जुनी वेल आठवडेच्या आठवडे कोरडी राहू शकते, उथळ ट्रेमध्ये मात्र चार मुठी मातीच असते. म्हणून पानं किंचित मऊ पडून लोंबायला लागली आणि मातीही कोरडी असली की त्याच दिवशी, ट्रेच्या भोकांतून निथळेल इतकं भरपूर पाणी द्या. मग पुन्हा तशीच वाट पाहा. असं काही वेळा झालं की कोंबांवर कळ्या दिसू लागतात. कुंडी नुकतीच बदलली असेल किंवा झाड अशक्त असेल, तर ताण अजिबात देऊ नका.

आणि नेमक्या याच वेळी आकार बिघडेल या भीतीने आपण कोंबांची टोकं खुडत राहतो. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे खुडताना कळ्याही जातात. बहर ओसरला की फांद्यांवर २-३ पानं ठेवून छाटा आणि मग नवी फूट मोकळी सोडा. काही आठवडे झाड विस्कटलेलं दिसेल. दिसू द्या.

माती न तपासता, नुसती पानं लोंबली म्हणून पाणी घालण्याची घाई मात्र नको. आधी लाकडी काडी मातीत २-३ सेंटिमीटर खुपसून पाहा. काडी कोरडी निघाली तर पाणी द्या, काही तासांत पानं ताठ होतील. काडी ओली निघाली आणि तरीही पानं लोंबत असतील, पिवळी पडून गळत असतील, तर मुळं कुजताहेत. अशा झाडाला आणखी पाणी म्हणजे घातच. ते बाहेर काढा, काळी, मऊ पडलेली मुळं कापा आणि भरड, निचऱ्याच्या मिश्रणात लावून उजेडाच्या सावलीत ठेवा. नवी पालवी येईपर्यंत खत नाही.

कुंडी बदलतानाही सांभाळा. बोगनवेलीची मुळं ठिसूळ असतात. वडा-पिंपळाच्या बोन्सायची मुळं विंचरतो तशी हिची विंचरू नका, सगळी माती धुऊनही काढू नका. झाड तारेने ट्रेला पक्कं बांधा. खोड हललं तर नवी बारीक मुळं तुटतात.

हिचं लाकूड मऊ असतं, मोठा काप सहज कुजतो. माझ्या एका झाडाची जाड फांदी मी खोडाला लागून कापली होती, तर कापाखालची सालही बोटभर मेली आणि खोडात खळगा पडला. तेव्हापासून मी थोडा खुंट ठेवते, कापावर सीलिंग पेस्ट लावते आणि खुंट पूर्ण वाळल्यावरच तो कोरून काढते.

तार लावायची तर हिरवेपणा जाऊन तपकिरी होऊ लागलेल्या कोवळ्या फांदीला. जुनी फांदी वाकत नाही, मोडते. तार सालीत रुतत नाही ना, हे दर दोन आठवड्यांनी पाहा.

निवडीतलीही एक चूक सांगते. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर रंगीत पानं. फूल म्हणजे मधली बारीक, फिकट नळी. बोन्सायमध्ये हिरवी पानं लहान होतात, ही रंगीत पानं फारशी होत नाहीत. वीतभर झाडावर ती अवजड वाटतात, म्हणून निदान ३० सेंटिमीटर उंचीचं झाड घडवा.

पानांच्या कडा कातरल्यासारख्या दिसल्या आणि दिवसा कीड सापडली नाही, तर अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पाहा. देठांना चिकटून काडीसारखा दिसणारा सुरवंट तेव्हा खाताना सापडतो, हाताने वेचला तरी पुरतं.