नजर पुढे, हात मागे: प्रौढांच्या भरतकाम वर्गातली माझी वर्षं

पहिल्या दिवशी बाईंनी माझ्या हातात कॅसमेंटचा (साध्या सुती कापडाचा) सहा इंची तुकडा ठेवला आणि म्हणाल्या, "या कडेपासून त्या कडेपर्यंत धावदोरा घाला. रेघ आखायची नाही." मी तेव्हा ४१ वर्षांची होते. कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत हिशेब लिहिण्यात १७ वर्षं गेली होती. शाळेत असताना रुमालावर लेझी डेझीची फुलं काढलेली, त्यामुळे धावदोरा म्हणजे काय मोठंसं, असंच वाटलं. अर्ध्या तासाने तुकडा समोर धरला तर एक टाका तांदळाएवढा, दुसरा शेंगदाण्याएवढा, आणि ओळ कलत कलत खाली गेलेली. डोळ्यांत पाणी आलं.

माझ्या शेजारी करवीर तालुक्यातल्या एका गावाहून येणाऱ्या मावशी बसायच्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांचा धावदोरा मुंग्यांच्या रांगेसारखा. आयुष्यभर वाकळा शिवलेल्या त्या हातांना रेघेची गरजच नव्हती. पण त्याच मावशींना पुढच्या आठवड्यात बाईंनी कागद-पेन्सिल देऊन एक पान काढायला सांगितलं, तेव्हा त्यांची बोटं थरथरायला लागली. "हे शिकलेल्यांचं काम," म्हणून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

आज ११ वर्षं मी स्वतः असे वर्ग घेते आहे. नव्याने शिकायला किंवा शिकवायला येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: मोठेपणी शिकताना नजर फार पुढे गेलेली असते आणि हात मागे राहिलेला असतो. लहान मुलीची नजर आणि हात बरोबरीने वाढतात, म्हणून वाकडं फूलही ती आनंदाने आईला दाखवते. आपण चाळीस वर्षं पैठणीचे पदर, खणाची नक्षी, लग्नातले शालू बघितलेले असतात. चांगलं काय ते आपल्याला अचूक कळतं, आणि म्हणूनच आपला स्वतःचा पहिला टाका सहन होत नाही. वर्ग सोडून जाणाऱ्या बायका बहुतेक वेळा हात वाईट म्हणून जात नाहीत. नजर चांगली आहे आणि हात तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून जातात.

ही दरी भरायला माझ्या मते गोधडीसारखा गुरू नाही. जुनी लुगडी, धोतरं, चादरी यांचे थर एकावर एक पसरायचे, सुरकुत्या काढायच्या, आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर पक्के करायचे, मग कडेपासून आत आत चौकोनी फेऱ्या मारत धावदोरा घालत यायचं. कच्चे टाके घालायचा कंटाळा केला तर कापडाचा फुगा प्रत्येक फेरीबरोबर आत सरकतो आणि मधोमध गोळा होतो. मी पहिल्याच दुपट्याला ही चूक केली होती. पण गोधडीत टाका जरा लहानमोठा झाला तरी ती बिघडत नाही, उलट त्या असमान टाक्यांनीच कापडावर ती लाटालाटांची वीण उठते. हजार-दीड हजार टाके होईपर्यंत हात आपोआप एका लयीत येतो. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, करतात तीही अशीच, कडेकडून मध्याकडे. चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी 'फुलं' लावल्याशिवाय त्या कवंदीला पुरी म्हणत नाहीत. माझ्या वर्गात पहिली वस्तू म्हणून प्रत्येकीने हातभर लांबीचं बाळाचं दुपटं करायचं आणि त्याच्या कोपऱ्यांना अशी फुलं लावायची. वस्तू छोटी असावी आणि ती पूर्ण व्हावी. अर्धवट राहिलेली भलीमोठी चादर माणसाला वर्षभर टोचत राहते.

हल्ली चौकशीला येणाऱ्या दहांतल्या सात जणी 'आरी वर्क शिकवता का' असंच विचारतात. लग्नाच्या ब्लाउजला मागणी आहे, पैसे मिळतात, त्यात गैर काहीच नाही. आरी ही मुळात मोची लोकांची आकडीची सुई. चौकटीवर ताणलेल्या कापडाच्या वरून आकडी खाली जाते, खालचा हात तिला दोरा पुरवतो आणि वर साखळी उमटत जाते. वेग विलक्षण. पण खालचा हात दिसत नाही, दोऱ्याचा ताण नुसता बोटांना कळावा लागतो. ज्या हाताने कधी टाका घातलेला नाही त्याला हे आंधळेपणाने शिकावं लागतं. तीन-चार महिने साधी सुई चालवून मग आरीकडे या, असं मी सांगते. काही जणी रागावून दुसरीकडे जातात. जाऊ द्यावं.

सामानाचा फार बाऊ करू नका. भरतकामाच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची, सहा पदरी असते. सुरुवातीला दोन किंवा तीन पदर पुरतात. पदर एकेक करून ओढायचे, मग परत जोडायचे. एकदम तीन ओढले की गुंता ठरलेला. दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंतच घ्यायचा. लांब दोरा दर टाक्याला कापडातून पुरा खेचला जातो, घासून फुसका होतो आणि त्याची चमक जाते. कापड आधी धुऊन घ्या, म्हणजे खळ निघते आणि आटायचं तेवढं आटून जातं. लाल आणि किरमिजी दोऱ्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून रंग उतरतो का ते बघा. आणि डोळे तपासून घ्या! मी दोन महिने 'माझ्या हातात कला नाही' म्हणून कुढत होते. प्रत्यक्षात मला जवळचा चष्मा लागला होता. चाळिशीनंतर सुईचं नेढं धूसर दिसायला लागतं, त्याला वय म्हणतात. शिकवणाऱ्यांनी पहिल्याच तासाला हे मोकळेपणी बोलावं. संध्याकाळच्या वर्गात ट्यूबलाइटच्या उजेडात काळ्या कापडावर काम देऊ नये.

काळ्या कापडाचं नाव निघालं की मला कशिदा आठवतो. कर्नाटकात त्याला कसुती म्हणतात, धारवाडकडची ही कला, २००६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या बायकांनी इरकल लुगडी पिढ्यान्‌पिढ्या नेसली, त्यामुळे ती आम्हाला परकी वाटत नाही. लग्नातल्या काळ्या चंद्रकळेवर गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन, पाळणे भरलेले असायचे. कापडावर काहीही छापायचं नाही, कापडाचे उभे-आडवे धागे मोजून काम करायचं. टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपला फुलीचा टाका. नेगी विणल्यासारखी दिसते. खरी गंमत गवंतीत (सरळ रेघेत) आणि मुरगीत (पायऱ्यापायऱ्यांच्या रेघेत) आहे. जाताना एक घर सोडून एक टाका घालत जायचं आणि परत येताना मोकळी घरं भरत यायचं, म्हणजे पुढून मागून काम सारखंच दिसतं. गाठ मारायची नाही. वाटेत फांदी आली की फांदीच्या टोकापर्यंत जायचं, तिथून मोकळी घरं भरत मूळ वाटेवर यायचं आणि मगच पुढे निघायचं. जाताना आणि येतानाही फांदी विसरलात तर दोरा तोडण्यावाचून इलाज नाही.

हे समजावताना मी पहिली दोन वर्षं नुसती घसा कोरडा करत होते. मग एकदा वर्गातल्या एका काकू म्हणाल्या, "अहो, ही तर ठिपक्यांची रांगोळी!" आणि सगळा वर्ग एकदम जागा झाला. खरंच, पंधरा ते आठ ठिपके मनात मोजणाऱ्या बायका या. आता मी कशिद्याचा पहिला तास सुईशिवाय घेते. चौकटीच्या वहीत ठिपके, पेन्सिल, आणि एकच अट: रेघ न तोडता निघाल्या ठिकाणी परत या, प्रत्येक घरावरून दोनदा जा. जिला पान काढायला भीती वाटते ती इथे गोपूर उभं करते.

चित्र काढायच्या भीतीवर आणखी एक उपाय. वर्तमानपत्र हातानेच फाडा, कात्री नको. फाडलेले आकार कापडावर ठेवून सरकवत राहा, आवडेल तिथे टाचण्या लावा आणि कडेने टाके घाला. छापील नक्षी गिरवायलाही हरकत नाही, मात्र पहिल्या दिवसापासून तीच दिली की बायका पुढे स्वतःचं काही मांडायला धजत नाहीत. माझा पहिला वर्ग यानेच बुडाला. २२ जणी होत्या. ट्रेसिंग पेपरला टाचणीने भोकं पाडून, रॉकेलमध्ये नीळ कालवून मी सगळ्यांना एकच मोर छापून दिला. तिसऱ्या आठवड्यात ९ जणी उरल्या. बावीस मोर शेजारी शेजारी ठेवले की कुणाचा चांगला आणि कुणाचा वाईट याशिवाय दुसरं काय दिसणार? गेलेल्यांपैकी एक जण पुढे बाजारात भेटली, म्हणाली, "ताई, माझा मोर सगळ्यांत घाण होता." तो मोर मीच तिच्या माथी मारला होता. अजून ते वाक्य मला लागतं.

तेव्हापासून वर्गात १२ च्या वर माणसं घेत नाही आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी ठेवते. शिकवणाऱ्याने समोर न बसता शिकणारीच्या शेजारी, तिच्याच दिशेला तोंड करून बसावं, नाहीतर तिला सगळं उलटं दिसतं. डावखुरी असेल तर मात्र समोर बसावं. उजव्या हाताने केलेला टाका तिला आरशासारखा दिसतो आणि चटकन उमगतो. आणि तिच्या हातातली सुई कधीही आपल्या हातात घेऊ नये. माझ्या मांडीवर माझा वेगळा तुकडा असतो, दाखवायचं ते त्यावर. बाईंनी एकदा घाईत माझ्या कामावर चार टाके स्वतः घातले होते. ते चार टाके इतके सुरेख होते की तो रुमाल मला पुन्हा कधी माझा वाटला नाही.

उसवायला कधी सांगावं? मी दोनच प्रसंगी सांगते: चुकीने पुढचं काम अडणार असेल तर, नाहीतर तिलाच ती चूक झोपू देणार नसेल तर. बाकी राहू द्यावी. प्रत्येकीची एक नमुना वही असते, चार इंची तुकडे तारीख घालून चिकटवलेले. सहा महिन्यांनी 'मला काहीच येत नाही' म्हणणारीला पहिलं पान उघडून द्यायचं. मला काही बोलावंच लागत नाही.

वर्गाला माणसं येतात ती फक्त भरतकामासाठी नव्हे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं, तिथे मोठ्या वयाच्या, विधवा, शाळा सुटलेल्या बायका शिवण शिकायला बसल्या, कारण घराबाहेर पडायला ते एक मान्य कारण होतं आणि पुढे दोन पैसे मिळवायची सोय होती. आजही ही दोन्ही कारणं तशीच आहेत. माझ्या वर्गात मुलाच्या घरी आठवडाभर कुणाशी न बोललेली आजी येते, ब्लाउजच्या ऑर्डरी घेऊ बघणारी पंचविशीतली सून येते, आणि गेली दोन वर्षं एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काकाही येतात. त्यांच्या टाक्यांचा ताण सगळ्यांत नेमका. "बोल्ट किती पिळायचा ते कळलं की दोरा किती ओढायचा तेही कळतं," असं ते नव्या मुलींना सांगतात. सुनेला आणि आजीला एकाच पाटावर बसवताना काय शिकवायचं ते वेगळं ठेवावं लागतं: सुनेला वेग, मोजमाप, दर कसा लावायचा, आजीला निवांत वेळ. एकाच मापाने दोघींना हाकू नये.

हे काम उपजीविका म्हणून करायचं असेल तर कागदही हवा. आयटीआयमध्ये भरतकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, 'सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स (एम्ब्रॉयडरी)' या नावाने. आयटीआयमध्ये शिकवायचं असेल तर निदेशकांसाठीचा वेगळा एक वर्षाचा प्रशिक्षणक्रम उपयोगी पडतो. कमी शिकलेल्या प्रौढांसाठी जन शिक्षण संस्थानं आहेत. पूर्वी त्यांना श्रमिक विद्यापीठ म्हणत, पहिलं १९६७ मध्ये मुंबईत वरळीला निघालं. तिथले वर्ग वस्तीत, गावात जाऊन भरतात, त्यामुळे शिकवायचा सराव करायला ती उत्तम जागा. मी स्वतः आधी दोन वर्षं बाईंच्या हाताखाली नुसते दोरे लावले, नेढी ओवून दिली, हजेरी घेतली. तेवढ्यात जे शिकले ते कुठल्याच प्रमाणपत्रात नव्हतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. एका संस्थेत मी तीन महिने शिकवलं आणि मानधन मिळालं नाही, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. तासाचा दर, सामानाचा खर्च कुणाचा, वर्ग रद्द झाला तर काय, हे चार ओळींत लिहून सही घ्या. कला शिकवणारी बाई पैशाचं बोलली की लोकांना अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या. घरी वर्ग घेत असाल तर फी महिन्याची न घेता बारा तासांची एकदम घ्या. सणवार, लग्नसराई, पेरणी यांत तास बुडतात आणि महिन्याच्या हिशेबात रोज वाद होतो.

दर वर्षी मार्चमध्ये आम्ही सगळे मिळून एक मोठी गोधडी शिवतो. प्रत्येकाने घरातलं एक जुनं कापड आणायचं. सतरंजीवर थर पसरतो, कोपऱ्यांवर पितळी तांबे ठेवतो आणि चारी बाजूंनी बसतो. या वर्षी काकांनी खाकी गणवेशाचा शर्ट आणला होता, एकीने सासूबाईंचं इरकल. नवी आलेली मुलगी कडेवर पहिला टाका घालायला कचरत होती, तेव्हा मावशी, त्याच माझ्या शेजारी बसणाऱ्या, आता ७० च्या पुढे गेलेल्या, तिला म्हणाल्या, "घाल गं, मी मागनं येते." आणि तिच्या वेड्यावाकड्या ओळीच्या शेजारून त्यांनी आपली मुंग्यांची रांग सुरू केली.