विहिरीपासून माळापर्यंत: पाईपलाईन गाडण्याआधीची तयारी

ओढ्याकाठी विहीर आणि किलोमीटरभर वर माळावर रान, असा मामला पारनेर-शिरूर पट्ट्यात घरोघरी आहे. पाणी जमिनीखालून वर न्यायचं ठरलं की पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. तो शेवटी करायचा. त्याआधीची कामं दिवाळीनंतर हातात घेतली तर रब्बी निघता निघता चारी पडते आणि मृगाच्या आत बुजूनही होते. मे महिन्यात सगळ्या गावालाच जेसीबी हवा असतो, तेव्हा तासाचा भाव तो सांगेल तो.

कागदापासून सुरुवात करा. विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा आणि पाण्याची पाळी कशी लागली आहे ते आधी बघा. मग गटाचा नकाशा काढून लाईन कुणाकुणाच्या बांधातून जाते त्याची नावं लिहा. शेजारी तोंडानं 'न्या की' म्हणतो, ते मनापासूनच म्हणतो. पण त्याच्या सातबाऱ्यावर पुण्याचा भाऊ आणि सासरी गेलेल्या दोन बहिणीही असतात. नाव आहे त्या प्रत्येकाची सही संमतीपत्रावर हवी. स्टॅम्प आता 100 चा चालत नाही, 500 चा घ्यावा लागतो. संमतीत गट नंबर, बांधाची बाजू, खोली आणि पुढे दुरुस्तीसाठी उकरायची मुभा एवढं तरी लिहून घ्या. शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात आणि भांडण नेमकं त्यावरूनच होतं.

कुणी अडूनच बसला तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. दुसऱ्याच्या जमिनीतून पाणी नेण्याची तरतूद त्यात आहे. गाडलेला पाईप शक्य असेल तिथे जमिनीखाली किमान अर्धा मीटर असावा, असंही त्यात म्हटलं आहे. पण नोटिसा, सुनावणी, पाहणी यात हंगाम हातचा जातो. त्यापेक्षा बांधावर चार वेळा चहा झालेला परवडला. रस्ता ओलांडायचा असेल तर तो ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, ते विचारून परवानगी काढा. नदी, कालवा किंवा धरणाच्या फुगवट्यातून उचलणार असाल तर पाटबंधारे खात्याची परवानगी वेगळी. पाईपाचं अनुदान हवं असेल तर महाडीबीटीवर (राज्य सरकारचं अनुदानाचं पोर्टल) अर्ज करून पूर्वसंमतीची वाट बघा; तिच्या आधीच्या तारखेचं बिल धरत नाहीत.

आता लाईन पायाखालून घाला, तीही जाणकार माणूस आणि चुन्याची पिशवी बरोबर घेऊन. रस्त्याकडेला अलीकडे नळयोजनेचे पाईप आणि ऑप्टिकल फायबर बरेच पडलेत; कुठून गेलेत ते सरपंचापेक्षा पाणी सोडणाऱ्याला जास्त ठाऊक असतं. उठाव, म्हणजे पाणी किती उंच चढवायचंय ते, मोजायला मोबाईलवर विसंबू नका, त्यातली उंची काही मीटर इकडेतिकडे असते. सर्व्हेवाल्याकडून लेव्हल घ्या, नाहीतर गवंड्याची पाण्याची नळी टप्प्याटप्प्यानं लावा. वाटेत कुठे उंचवटा आणि कुठे खोलगट भाग आहे ते खुंट्या मारून वहीत उतरवा, कारण व्हॉल्व्ह त्यावरून ठरतात. जमीन बदलते तिथे तीन फुटी खड्डा घेऊन बघा. ओढ्याजवळ काळी, मध्ये मुरूम आणि वर खडक, असं असेल तर खडक फोडायचा ब्रेकर किती तास लागेल याचा अंदाज आत्ताच येतो.

पाईप किती इंची घ्यायचा, यावर मात्र दुकानदार आणि चुलत्यांच्या भरवशावर राहू नका. सगळ्यात जास्त पैसा इथेच वाचतो किंवा बुडतो. हिशेब असा. सेकंदाला 6 लिटर, म्हणजे तासाला 21,600 लिटर पाणी 1,000 मीटर न्यायचंय. अडीच इंची, म्हणजे 75 एमएमच्या पाईपात नुसत्या घर्षणात सुमारे 32 मीटर हेड (पाणी किती मीटर चढेल त्यात मोजलेला पंपाचा जोर) जातं. तीन इंचीत (90 एमएम) 13 मीटर आणि चार इंचीत (110 एमएम) जेमतेम 5. विहिरीतल्या पाण्यापासून टोकापर्यंत उठाव 30 मीटर धरला तर पंपाला अनुक्रमे 62, 43 आणि 35 मीटरवर पाणी फेकायचंय. म्हणजे तेवढ्याच पाण्याला अडीच इंचीवर 10 एचपी मोटर मागवावी लागेल आणि चार इंचीवर चांगला पंप असेल तर 5 एचपीत काठावर भागेल. पाईपात वाचवलेले पैसे मोटर, केबल आणि वीज असे तिन्हीकडून परत जातात. सोलर पंप घ्यायचा विचार असेल तर मोठा पाईप आणखीच हवा, कारण तिथे एचपी ठरवून मिळते आणि ढग आले की तीही कमी होते. 'बारीक पाईपानं प्रेशर येतं' हे पारावर ऐकाल. तोंडाशी पाणी जोरात उडतं खरं, पण बादली लावून घड्याळावर मोजा म्हणजे कळेल.

दाबाचं गणित सोपं आहे: 10 मीटर हेडला साधारण 1 किलो (चौरस सेंटीमीटरला). वरच्या उदाहरणात तीन इंचीला 4.3 किलो दाब येतो, म्हणजे 6 किलोचा पाईप. वरच्या अर्ध्या लाईनला दाब कमी, तिथे 4 किलोचा टाका, असा सल्ला मिळतो आणि हिशेबात तो बसतोही. पण टोकाचा कॉक बंद राहिला आणि मोटर सुरू झाली की पंप आपला पूर्ण जोर लाईनवर काढतो. मी तरी शेवटपर्यंत 6 किलोचाच घेईन. पाईपावर आयएस 4985 चा शिक्का (पीव्हीसीसाठी), एमएम आणि किलो वाचून घ्या. 6 मीटरचा पाईप धरला तर किलोमीटरला 167 लागतात, 172 मागवा. आणल्यावर उन्हात टाकू नका, पाचटाखाली किंवा झाडाच्या सावलीत सपाट रचा.

व्हॉल्व्हची खरेदी एकदमच करा. पंपाशेजारी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. चार इंची किलोमीटरभर लाईनीत आठ टनांहून जास्त पाणी असतं. लाईट गेली की ते सगळं मागे फिरतं आणि धडक देतं. प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह लागेल. तो नसेल तर हवा कोंडून पाणी टोकाला निम्मंच पोचतं आणि माणूस मोटरीला दोष देत बसतो. खोलगट ठिकाणी गाळ सोडायला एक कॉक ठेवा. बेंड (वळणाचा तुकडा) आणि टी (तीन तोंडांचा जोड) यांच्यामागे काँक्रीटचा ठोकळा लागतो, तेव्हा सिमेंटच्या दोन-तीन गोण्या यादीत असू द्या.

एवढं झाल्यावर जेसीबी. बकेट अरुंद मागवा, दीड फुटी. खोली तीन फूट ठेवा. सबसॉयलर (खोल नांगरटीचं औजार) दीड-दोन फूट सहज खाली जातो आणि ऊसवाल्या शेजाऱ्याकडे तो फिरतोच. वरची माती एका अंगाला आणि खालचा मुरूम दुसऱ्या अंगाला टाकायला ड्रायव्हरला सकाळीच बजावा. मुरूम वर आला की शेजाऱ्याच्या रानात पट्टा पडतो आणि पुढच्या वर्षी तो बोलत नाही. खडकात आणि काळ्या भेगाळ जमिनीत पाईपाखाली चार बोटं चाळलेली बारीक माती पसरा. रस्त्याखाली एक आकारानं मोठा पाईप आधी गाडून त्यातून आपला ओढून घ्या, म्हणजे पुढे डांबर फोडायला नको.

सॉकेटचं तोंड पाणी येतं त्या बाजूला ठेवा. टोक आणि सॉकेट दोन्ही कोरड्या फडक्यानं पुसून सोल्युशन (पाईप चिकटवायचा डिंक) दोन्हीकडे लावा, पाव फेरा देऊन दाबा आणि तीसेक आकडे मोजेपर्यंत धरून ठेवा. घट्ट झालेला डबा फेकून द्या. पाईप चारीत किंचित नागमोडी सोडा. दुपारच्या उन्हात ताणून जोडलेला 1,000 मीटर पीव्हीसी 20 अंशांनी थंड झाला की मीटरभराहून जास्त आखडायला बघतो आणि जोड सुटतात. त्याच संध्याकाळी पाईपांच्या मधल्या भागावर माती लोटा आणि जोड उघडे ठेवा. पूर्ण मोकळ्या चारीत वळवाचा पाऊस भरला तर रिकामा पाईप तरंगून वर येतो.

शेवटच्या जोडाला 24 तास झाल्यावर टोकाचा कॉक उघडा ठेवून हळूहळू पाणी भरा. हवा पूर्ण निघाली की कॉक अर्धा आवळून एक माणूस लाईनभर चालवा. घाम फुटल्यासारखा ओला जोडही कापून नवा करा. मग हातानं फूटभर बारीक माती, वर उरलेली आणि पहिल्या पावसात बसेल म्हणून थोडा उंचवटा. बुजवण्याआधी प्रत्येक वळणाचा फोटो काढा, त्यात विजेचा खांब किंवा बांधावरची बाभूळ आली पाहिजे. टेपनं मोजलेली अंतरं नकाशावर लिहून त्याची एक झेरॉक्स संमतीपत्राला जोडा आणि एक शेजाऱ्याला द्या. उरलेले पाच पाईप विकू नका, गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवा.