आर्किटेक्टला डेव्हलपरच्या ऑफिसात जायचं असेल तर

पुण्यात बाणेरच्या एका ऑफिस बिल्डिंगची लॉबी मी डिझाइन केली होती. रस्त्याला लागून, ऐसपैस, समोर मोठा जिना. फोटो झकास आले. चार वर्षांनी प्रॅक्टिस सोडून मी एका डेव्हलपरकडे नोकरीला लागले, तेव्हा तिथल्या सीएंनी पाठकोऱ्या कागदावर त्याच लॉबीचा हिशेब मांडला. लॉबी गरजेपेक्षा 2,000 चौरस फूट मोठी. वरच्या मजल्यावर ऑफिसचं भाडं फुटाला महिना 70 रुपये धरा, तळमजल्यावर शोरूमचं 150. शोरूमऐवजी तेवढंच बांधकाम वर ऑफिस म्हणून झालं, म्हणजे फुटामागे 80 रुपये गेले, वर्षाला 19 लाख 20 हजार. भाड्याने गेलेल्या इमारतीची किंमत काढताना वर्षाच्या निव्वळ भाड्याला साधारण 8 टक्क्यांनी भागतात. त्या हिशेबाने 2 कोटी 40 लाख.

"एफएसआय वर नेता येतो मॅडम, रस्त्याकडचा दर्शनी भाग वर नेता येत नाही," म्हणाले, आणि चहा सांगितला. एफएसआय म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याची मर्यादा.

तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर सुरुवात इथून करा. स्वतःच्याच एका पूर्ण झालेल्या बिल्डिंगचं एक्सेल बनवा. जमिनीची किंमत, बांधकामखर्च, मंजुरीचे शुल्क, प्रीमियम, व्याज एका बाजूला. भाडं दुसऱ्या बाजूला. प्रीमियम एफएसआयचे, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा बांधकामाचे पैसे रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरावर ठरतात, तो दर शासनाच्या साइटवर मिळतो. भाडेकराराचा साचा साधारण ठरलेला असतो: नऊ वर्षं, पहिली तीन वर्षं लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही, दर तीन वर्षांनी 15 टक्के वाढ, आणि सुरुवातीला फर्निचर लावायला काही महिने भाडेमाफी. मग एकच आकडा बदलून बघा. भोगवटा प्रमाणपत्र सहा महिने उशिरा आलं तर? एक लाख फुटांची इमारत 70 च्या भावाने महिन्याला 70 लाख देते. सहा महिने म्हणजे 4 कोटी 20 लाख, वर कर्जाचं व्याज. फायर एनओसीच्या कागदासाठी डेव्हलपर आपल्याला रात्री दहाला फोन का करायचा, हे मला तेव्हा कळलं.

भाड्याचे आकडे कुठून आणायचे? रीट म्हणजे भाड्याच्या इमारतींची मालकी असलेला, शेअर बाजारात नोंदलेला ट्रस्ट. एम्बसीचा रीट 2019 साली शेअर बाजारात आला, माइंडस्पेसचा 2020 साली. दोघांच्याही पुण्यात इमारती आहेत. त्यांचे तिमाही अहवाल कोणालाही फुकट वाचता येतात. किती जागा भरलेली, फुटाला किती भाडं, करार कधी संपतात, सगळं छापलेलं असतं. मी कोर्सच्या फीवर पैसे घालण्याआधी हे वाचलं असतं तर बरं झालं असतं. निकमारसारख्या बांधकाम व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेचा कोर्स वाईट नाही, ओळखी होतात. पण तो पहिली पायरी नव्हे.

यानंतर जमिनीचे कागद, आणि इथे आपण आर्किटेक्ट फार कच्चे. प्लॅन हातात आला की आपण लगेच कॉलमचा ग्रिड टाकायला बसतो, 8.4 मीटरच्या ग्रिडमध्ये खाली तीन गाड्या कशा बसतात ते बघतो. नव्या नोकरीत पहिल्याच महिन्यात मी एका प्लॉटसाठी दोन दिवसांत तीन ऑप्शन काढले. सातबारा पाहिला होता, मालकाचं नाव आणि क्षेत्र एवढंच. उजवीकडचा "इतर हक्क" रकाना वाचलाच नाही. तिथे तीन बहिणींची नावं होती. वाटणी झालेली नव्हती, एक बहीण सही द्यायला तयार नव्हती. माझे तिन्ही ऑप्शन कपाटात गेले. आता मी आधी इतर हक्क वाचते, मग फेरफार मागवते, वकिलाचा 30 वर्षांचा टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, येईपर्यंत पेन्सिल उचलत नाही. दुसरं म्हणजे रस्ता जागेवर जाऊन टेपने मोजायचा. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) किती मिळेल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, 18 मीटर दाखवलेला रस्ता जागेवर सात मीटर असेल, तर तो कधी ताब्यात येणार हे आधी विचारा. कागदांसाठी तलाठी भाऊसाहेबांकडे दोन चकरा जास्त झाल्या तरी चालतील.

लीजिंगच्या, म्हणजे ऑफिसं भाड्याने लावून देणाऱ्या ब्रोकरबरोबर एक आठवडा फिरा. भाडेकरू इमारतीच्या एलिव्हेशनबद्दल, म्हणजे दर्शनी रूपाबद्दल विचारत नाही. तो विचारतो, डीजी (जनरेटर) बॅकअप किती, हजार फुटांना पार्किंग किती, चार्जेबलमधले (ज्या क्षेत्राचं भाडं द्यायचं त्यातले) कार्पेट, म्हणजे खरं वापरता येणारे फूट किती. पहिल्या दिवशी मला जरा अपमान वाटला, खोटं कशाला सांगू.

नोकरी शोधताना पोर्टफोलिओ घरी ठेवा. खराडी किंवा बाणेरचा एखादा खराखुरा रिकामा प्लॉट घ्या, त्यावर एका पानाची फिजिबिलिटी, म्हणजे प्रकल्प परवडतो का याचा हिशेब, करा आणि तेच पान इंटरव्ह्यूला न्या. मला त्या पानावरच घेतलं. तिथे "डिझाइन हेड" म्हणून बसवायला बघतील. पद ऐकायला गोड, पण मग दहा वर्षं दुसऱ्या आर्किटेक्टची ड्रॉइंग तपासत बसाल. लँड किंवा लीजिंगच्या टीममध्ये मागून घ्या, पगार थोडा कमी आला तरी. मी कमी घेतला. दीड वर्षात भरून निघाला.

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन मात्र चालू ठेवा. फक्त मालक कधीतरी म्हणेल, आपल्याच प्रकल्पाच्या नकाशावर तुम्हीच सही करा, बाहेरच्या आर्किटेक्टची फी वाचेल. मी नाही म्हटलं. आठवडाभर त्यांचा चेहरा पडलेला होता, मग बाहेरचा आर्किटेक्ट नेमला.