'येताय का?' न विचारता लग्नाची माणसं कशी मोजायची: आमची गूगल शीट

२०२५ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. कार्यालय साताऱ्यात, आम्ही पुण्यात, बाबांकडचे सगळे कोरेगाव-वडूज बाजूचे आणि आईकडचे सांगली-मिरजेचे. केटररने पहिल्याच मीटिंगला सांगितलं की दहा दिवस आधी अंदाज द्या, चार दिवस आधी फायनल आकडा द्या, आणि फायनलपेक्षा ताटं कमी लागली तरी पैसे फायनलचेच. बाबा म्हणाले चारशे धरा. आई म्हणाली सहाशे. दोघांनाही विचारलं की कशावरून, तर दोघंही म्हणाले "अंदाजच असतो". तिथून ती शीट सुरू झाली. आता चुलतभावाचं लग्न ठरलंय आणि तो रोज काहीतरी विचारतोय, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

पहिली गोष्ट, आपल्याकडे आरएसव्हीपी (येणार की नाही ते आधी कळवणं) वगैरे चालत नाही. पत्रिकेवर "सहकुटुंब सहपरिवार" छापायचं आणि मग त्याच माणसाला "किती जण येणार" विचारायचं हे जरा विचित्रच आहे. आणि पत्रिका देऊन झाल्यावर "येताय ना नक्की?" असं हिशोबी आवाजात विचारलं की समोरच्याला वाटतं हे आपल्याला टाळतायत. मी सुरुवातीला हौसेने गूगल फॉर्म बनवला, नाव, किती जण, कुठल्या कार्यक्रमाला, मुक्काम करणार का, मस्त फोटोबिटो टाकून. साठ घरांना पाठवला, उत्तरं आली अकरा. त्यातली आठ बहिणीच्या ऑफिसची आणि एक न्यू जर्सीच्या मावसबहिणीचं, तिने तर मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे हे पण लिहिलं होतं. बाकीच्यांनी फॉर्म उघडला पण नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे, २०२४ च्या शेवटाला लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल (दाबली की फोनमधे अॅप टाकणारी) पाठवून फोन हॅक करायचे प्रकार झाले होते, पोलिसांनी इशारे पण दिले होते, तेव्हापासून आमचे काका लग्नाची कुठलीच लिंक दाबत नाहीत. तर फॉर्म फक्त मित्रमंडळी, ऑफिस आणि परदेशातल्यांसाठी ठेवा, पत्रिका फोटो किंवा पीडीएफ म्हणूनच पाठवा, आणि नातेवाइकांसाठी फोन. शीट ही फोन कोणी कोणाला करायचा आणि त्यातून काय कळलं हे लिहायची जागा आहे, एवढं डोक्यात पक्कं असलं की बाकी सोपं आहे.

यादीची सुरुवात कोऱ्या शीटवर बसून आठवत आठवत करू नका. घरात आधीच्या लग्नाची आहेराची वही असेल ती काढा. आमच्याकडे मोठ्या ताईच्या लग्नाची २०१४ ची वही आईच्या कपाटात साड्यांच्या खाली होती, कोणी किती पाकीट दिलं, कोणी भांडं दिलं, सगळं गाववार लिहिलेलं. त्यातून अडीचशे घरं एका रात्रीत शीटमधे आली. जे गेले त्यांची नावं काढावी लागली, ते करताना आई बराच वेळ गप्प होती, तर हे काम आईवडिलांसोबत बसूनच करा, एकट्याने टाइप करत बसू नका.

एक ओळ म्हणजे एक घर. माणूस नाही. ज्या फोनवर फोन करायचा तो एक नंबर, ती एक ओळ. लग्न झालेला मुलगा वेगळा राहत असेल तर त्याची वेगळी ओळ, आणि त्याला पत्रिका पण वेगळी, नाहीतर "आम्हाला वेगळी पत्रिका नव्हती" हे पुढची दहा वर्षं ऐकायचं. कॉलम आम्ही असे ठेवले: घर कोणाचं, गाव, कुठल्या बाजूचे (बाबांकडचे, आईकडचे, सोसायटी, ऑफिस वगैरे), फोन, पत्रिका कशी द्यायची, फोन कोण करणार, काय म्हणाले, आणि मग आकड्यांचे कॉलम. फोन नंबर नुसते १० आकडे लिहायचे, पुढे प्लस एक्क्याण्णव नाही, आणि तो सगळा कॉलम फॉरमॅट मेनूत जाऊन प्लेन टेक्स्ट करून ठेवायचा. याचा फायदा नंतर कळतो, नंबरवर सॉर्ट केलं की एकच घर दोनदा आलंय का ते लगेच दिसतं. आमचे एक शेजारी बाबांचे मित्र म्हणून पण होते, सोसायटीत पण होते आणि आईच्या भजनी मंडळात पण, तीन ओळी, बारा माणसं, खरी माणसं चार. नावावरून हे सापडत नाही कारण एकाने मराठीत कुलकर्णी लिहिलेलं असतं आणि दुसऱ्याने इंग्रजीत.

पत्रिका कशी द्यायची या कॉलमला हलक्यात घेऊ नका. घरी जाऊन, कुरिअरने, नुसतं व्हॉट्सअॅपवर, हे तीन पर्याय. मामांकडे आणि आत्याकडे घरी जाऊनच, यात चर्चा नाही. ज्यांना घरी जाऊन दिली ते येण्याचा संभव जास्त, आणि व्हॉट्सअॅपवाले बहुतेक अंगठा पाठवतात आणि विषय संपतो, तो अंगठा म्हणजे होकार समजू नका. आणि ब्रॉडकास्ट लिस्टने पत्रिका पाठवत असाल तर एका लिस्टमधे २५६ च नंबर बसतात आणि ज्यांच्या फोनमधे तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच तो मेसेज जातो, बाकीच्यांना काहीच मिळत नाही.

आता आकडे. एकच "किती जण" कॉलम ठेवला की फसलात. आदल्या दिवशी सीमांतपूजन आणि रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता, दुपारचं मुख्य जेवण, आणि मुक्कामाला किती, असे चार वेगळे कॉलम. संध्याकाळी रिसेप्शन असेल तर पाचवा. सांगलीचं सहा जणांचं घर रात्री दोघं आणि दुपारी सहा असू शकतं. मुलांचा वेगळा कॉलम केटररला विचारून ठरवा, कोणी पाच वर्षांखालचं धरत नाही, कोणी अर्धं ताट धरतं.

या आकड्यांच्या कॉलममधे नुसता एक आकडा लिहायचा, हे सगळ्यांना तीन-तीनदा सांगा, तरी कोणीतरी "२ + बाळ" लिहिणारच, आणि ते शीट बेरजेत धरत नाही. त्याहून भारी म्हणजे काकूने इंग्रजी आकड्यात ४-५ असं लिहिलं, म्हणजे चार-पाच जण येतील, आणि शीटने त्याची तारीख केली, चार मे. गूगल शीटच्या पोटात तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस असतात, म्हणजे पंचेचाळीस हजार सातशे काहीतरी, त्यामुळे दुपारच्या जेवणाची बेरीज एकदम ४६ हजारांवर गेली. बाबा चष्मा काढून बघत राहिले. त्याच रात्री मी ते कॉलम सिलेक्ट करून डेटा मेनूमधल्या डेटा व्हॅलिडेशनमधे जाऊन शून्य ते पंधराच्या मधलाच आकडा चालेल असं केलं, आणि खाली चुकीचं आलं तर रिजेक्ट कर हे निवडलं. नुसती वॉर्निंग ठेवलीत तर कोणी वाचत नाही.

"काय म्हणाले" हा कॉलम ड्रॉपडाउन. तो पण तिथेच, डेटा व्हॅलिडेशनमधे. हो, नाही, कदाचित असे पर्याय ठेवू नका कारण असं कोणी बोलतच नाही. आमचे पर्याय होते: फोन बाकी, नक्की, बघतो म्हणाले, एक-दोघं येतील, नाही. "बघतो, जमवतो" हे उत्तर सगळ्यात जास्त येतं आणि त्याचा अर्थ माणसागणिक बदलतो. जिल्ह्यातलाच माणूस "बघतो" म्हणाला तर बऱ्याचदा येतो, मुंबईवरून "बघतो" म्हणजे साधारण नाहीच. मी सातारा जिल्ह्यातले "बघतो" निम्मे धरले आणि बाहेरचे पाव. हे काही शास्त्र नाही, आमच्या नातेवाइकांवरून काढलेलं गणित आहे, तुमचे तुम्हाला माहीत. त्यासाठी एक वेगळा टॅब करून तिथे समइफ्स (SUMIFS, अट घालून बेरीज करणारं सूत्र) वापरून बेरजा घ्यायच्या: दुपारच्या जेवणाचा कॉलम बेरीज कर, पण ज्या ओळीत "नक्की" आहे त्याच. मग दुसऱ्या सेलमधे "बघतो" आणि गाव सातारा जिल्ह्यातलं, त्याला दोनने भाग. गावाच्या शेजारी जिल्हा असा एक छोटा कॉलम असला की हे सोपं जातं, मी तो नंतर घातला आणि अडीचशे ओळी परत भरल्या.

आता मुख्य भाग, म्हणजे फोन. फोन कोण करणार हा कॉलम नसता तर आमचं काही खरं नव्हतं. मामांकडच्यांना मामांनी, बाबांच्या चुलत्यांना बाबांनीच, गावच्या भावकीला मोठ्या काकांनी. मी सुरुवातीला आगाऊपणा करून बाबांच्या आतेभावांना स्वतः फोन लावला, ते म्हणाले "बाबा कुठायत?" आणि संपलं. आणि फोनवर "येताय का" विचारायचंच नाही. विचारायचं सोयीचं. "काका, स्टँडवर गाडी पाठवू का, की तुम्ही तुमची गाडी आणताय?" "मामी, आदल्या रात्री मुक्कामाला याल ना, रूम एक ठेवू का दोन?" "आजींना जिना चढवत नाही ना, खालची खोली ठेवतो." यातून माणूस आपणहून सगळं सांगतो. "अरे मी नाही रे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण तुझी काकू आणि पोरं दुपारला येतील." झालं, रात्री शून्य, दुपारी तीन, मुक्काम शून्य, एका वाक्यात सगळे कॉलम भरले आणि कोणाचा मान पण दुखावला नाही. उपासाचं पण असंच काढून घ्या, आमचं लग्न गुरुवारी होतं आणि गुरुवार करणारे वीसेक जण निघाले, साबुदाण्याची वेगळी सोय सांगावी लागली. कोणी सुतकात असेल तर ते सहसा फोनवर सांगतच नाहीत, मधल्या माणसाकडून कळतं, अशा वेळी गुपचूप "नाही" करायचं आणि परत फोन करायचा नाही.

फोन लग्नाच्या तीन आठवडे आधी सुरू करा. त्याच्या आधी लोक "अजून वेळ आहे" म्हणतात आणि तुमचा फोन वाया जातो.

शेअरिंग. लिंक असणाऱ्या कोणालाही एडिट करता येईल असं कधीही ठेवू नका, त्यात अडीचशे घरांचे नंबर आहेत. ज्यांनी फोन करायचेत त्या पाच-सहा जणांचे जीमेल टाका, त्यांना एडिटर, बाकी कोणी मागितली तर व्ह्यूअर. शेअरच्या खिडकीत वर एक चक्र असतं, तिथे जाऊन एडिटर लोकांना पुढे शेअर करता येईल अशी जी टिक असते ती काढून टाका. मी काढली नव्हती. आणि आमच्या शीटमधे "शेरा" नावाचा एक कॉलम होता, त्यात मी कोणाबद्दल "पंगतीत लांब बसवा, जमिनीची केस चालू आहे" असलं लिहून ठेवलं होतं. एका भावाने मदत म्हणून शीटची लिंक सगळ्यांसाठी उघडी करून घरच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात आत्याचा आईला फोन. पुढचं लिहीत नाही. शेरा कॉलम वेगळ्या फाइलमधे ठेवा किंवा सरळ कागदावर लिहा. टॅब लपवून ठेवला तरी एडिटरला तो उघडता येतो, त्यामुळे लपवण्यावर विसंबू नका.

दुसरा घोळ सॉर्टचा. काकांनी फक्त नावांचा कॉलम सिलेक्ट करून अकारविल्हे लावला, बाकीचे कॉलम होते तिथेच राहिले, म्हणजे नावं एका घराची आणि फोन दुसऱ्याचा. आम्हाला कळलं तेव्हा दोन फोन चुकीच्या नावाने करून झाले होते. असं झालं तर घाबरायचं नाही आणि हाताने दुरुस्त तर अजिबात करत बसायचं नाही, लॅपटॉपवर फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी असते, तिथे कोणी कधी काय बदललं ते दिसतं, आधीचं व्हर्जन निवडून रिस्टोअर करायचं. फक्त मधल्या वेळात दुसऱ्या कोणी भरलेलं पण जातं, ते आधी बघून लिहून घ्या. आणि हे होऊच नये म्हणून नाव, गाव, फोन हे तीन कॉलम प्रोटेक्ट करून फक्त स्वतःकडे ठेवा, आणि सगळ्यांना फिल्टर व्ह्यू वापरायला शिकवा, साधा फिल्टर लावला की तो सगळ्यांच्या स्क्रीनवर लागतो आणि मग "माझी यादी गायब झाली" असे फोन येतात. प्रत्येकाच्या नावाचा एक फिल्टर व्ह्यू करून दिला की मामांना फक्त मामांची घरं दिसतात. मामांना तरी ते जमलं नाही, त्यांना मी रोज रात्री स्क्रीनशॉट पाठवायचो आणि ते फोनवर सांगायचे, मी भरायचो. ते पण चालतं.

केटररला आकडा द्यायच्या आधी एक ओळ हमखास विसरते, कामाच्या माणसांची. फोटोग्राफर आणि त्याची दोन पोरं, सनईवाले, गुरुजी, मेकअपवाली, मांडववाले, गाड्यांचे ड्रायव्हर. आमचे हेच २३ झाले. ताटं मोजताना केटरर हे धरणारच. मुलाकडच्यांना शीट देऊ नका, त्यांचा फक्त आकडा मागा आणि तो एका ओळीत टाका.

आमची शेवटची बेरीज ४१८ आली, बाबांनी धाडस करून ४०० सांगितलं, ताटं लागली ४०७. सातची सोय केटररने कुरकुर न करता केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी शीट छापून घ्या, दोन प्रती, एक गाववार, एक मुक्कामाच्या खोल्यांप्रमाणे. आमच्या कार्यालयात तळघरात नेटवर्कच नव्हतं आणि खोल्या सगळ्या तिथेच होत्या. लग्न झाल्यावर त्याच शीटला आहेराचा कॉलम जोडला, आईने एका संध्याकाळी पाकिटं फोडत सांगितलं आणि मी भरलं. आईने तरीही ते सगळं वहीत उतरवून घेतलंय. चुलतभावाला मी शीटची कॉपी दिलीय, पण काकू म्हणतात की आधी ती वही पाठव.