अँटेना लावताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा

कॅनडात ब्रॅम्प्टन-मिसिसागाची घरं परवडेनाशी झाल्यापासून आपली मंडळी ऑंटेरियोत आणखी आत, स्ट्रॅटफर्ड, मिचेल, लिस्टोवेलच्या बाजूला सरकू लागली आहेत. काम घरूनच आहे, मग आवार मोठं का नको? घर बघायला येणारा इन्स्पेक्टर छप्पर, फर्नेस, तळघर सगळं तपासतो. इंटरनेट त्याच्या यादीत नसतं. गावाबाहेरच्या रस्त्यांवर सगळीकडे फायबर नाही, त्यामुळे कुणाच्या तरी धान्याच्या सायलोवर (उंच कोठारावर) बसवलेल्या रेडिओकडे तोंड करून छपरावर अँटेना लावावा लागतो. गेल्या वर्षभरात अशा तिघांच्या छपरावर चढलो. तिघांचं दुखणं एकच होतं, आणि कधीकाळी तेच माझंही होतं.

मी घर घेतलं फेब्रुवारीत. सायलो दोन किलोमीटरवर, मध्ये मेपलची एक रांग. उघड्या फांद्यांतून सायलोची टोपी स्वच्छ दिसायची. सिग्नल उणे ५८ डीबीएम. (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ६५पर्यंत निर्धास्त राहा, उणे ७५च्या पलीकडे रडकथा.) शेजारचे आजोबा खाली शिडी धरून उभे होते. वर बघत म्हणाले, "उन्हाळ्यात इथून काही दिसत नाही." मला वाटलं, हवापाण्याच्या गप्पा चालल्यात. इथला माणूस तुम्हाला "चुकतंय" असं तोंडावर म्हणत नाही, तो एवढंच म्हणतो. ते कळायला मला तीन महिने लागले.

मेच्या मध्याला पानं फुटली आणि आठवडाभरात उणे ५८चं उणे ८१ झालं. पान म्हणजे पाण्याची पिशवी, या रेडिओची ५ गिगाहर्ट्‌झची लहर ते पिऊन टाकतं. पण तेव्हा हे कुठे ठाऊक? मी राउटर बदलला, केबल बदलली, इंटरनेटवाल्यांशी भांडलो. शेवटी परसात काँक्रीट ओतून पन्नास फुटी टॉवर उभारला. चार हजार डॉलर गेले. म्हणून सांगतो: हिवाळ्यात घर बघत असाल तर अँटेना आणि सायलोच्या मध्ये कुठली झाडं आहेत ते आधी बघा. सीडर, स्प्रूस बाराही महिने सारखेच आडवे येतात, निदान फसवत तरी नाहीत. मेपल फसवतो. आणि "स्टारलिंक घेऊ की, उपग्रहावरून नेट येईल" म्हणाल, तर त्यालाही आकाश मोकळंच लागतं.

समोर दिसतंय म्हणजे झालं, असंही नाही. लहर दोरीसारखी सरळ जात नाही, तवशासारखी मध्ये फुगते. ५.८ गिगाहर्ट्‌झवर दोन किलोमीटरच्या वाटेत मधोमध या फुगवट्याची त्रिज्या सुमारे पाच मीटर असते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग मोकळा हवा. मध्ये शेत असेल तर ऑगस्टातला अडीच मीटर मकाही हिशेबात धरा.

डिश, म्हणजे छपरावरचा अँटेना, फिरवताना घाई नको. आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली. नखभर फिरवायची, पाच-सात सेकंद थांबायचं, आकडा बघायचा. पहिल्यांदा आकडा चढला की लोक खूश होऊन नट आवळतात. तो बाजूचा खोटा उंचवटा असू शकतो. पुढे जाऊन आकडा पडू द्या, मग मागे या. नट आलटून पालटून आवळा, नाहीतर शेवटच्या पिळाला डिश हलते. रेडिओ एकाच वेळी दोन सिग्नल घेतो, त्यांना चेन म्हणतात. दोन्ही चेनच्या आकड्यांत पाच-सहा डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर नेम चुकलाय किंवा मध्ये काहीतरी आहे.

पाऊस आला की नेट जातं, ही तक्रार दर आठवड्याला ऐकतो. ५ गिगाहर्ट्‌झला एवढ्याशा अंतरात पावसाने काही होत नाही. एकतर झाडाची पानं ओली झालीत, किंवा केबलमध्ये पाणी शिरलंय. घरातली निळी केबल बाहेर ओढू नका. उन्हाने तिचं साल तडकतं. बाहेरची काळी केबल घ्या आणि भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं. माझ्या एका मित्राने झोळ दिला नव्हता. प्लग काढला तर पितळ हिरवं पडलेलं आणि इंजेक्टरमध्ये (केबलमधूनच अँटेनाला वीज पुरवणाऱ्या डबीत) चमचाभर पाणी. त्या इंजेक्टरला दोन भोकं असतात. 'पीओई' लिहिलेल्यात, म्हणजे वीजवाल्यात, लॅपटॉप खुपसू नका.

पुण्याहून येताना बॅगेत अँटेनाचा रेडिओ आणू नका. "तिकडे स्वस्त मिळतो" हे आपल्या लोकांचं आवडतं वाक्य. कॅनडात ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्‌झ वापरायला बंदी आहे, हवामानाच्या रडारांमुळे. इथल्या मान्यतेचा रेडिओ त्या पट्ट्यात जातच नाही, तुमचा जाऊ शकतो.

अर्थिंगसाठी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. खांबाचं अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगला जोडलेलं हवं, वेगळा रॉड ठोकून मोकळं सोडलेलं नको. टॉवरसाठी खड्डा घ्यायचा असेल तर आधी ऑंटेरियो वन कॉलला (जमिनीखालच्या केबली-पाइप कुठे आहेत ते दाखवून देणाऱ्या सेवेला) कळवा. फुकट आहे, आणि कायद्याने सक्तीचं आहे.

शिडी विकत घेऊ नका, शेजाऱ्याकडे मागा. तो धरायलाही येईल. वर चढण्याआधी त्याला विचारा, जुलैत इथून काय दिसतं.